ख्मेर नृत्य शिकताय? बोटांची घाई करू नका

कंबोडियाचं शास्त्रीय नृत्य शिकायला लागलेल्या मुलांना पहिल्याच आठवड्यात बोटं मागे वळवून दाखवायची असतात. चित्रातल्या अप्सरेची तशीच दिसतात ना! पहिली चूक इथेच होते. बोटं धरून हिसका दिला तर सांधा दुखावतो, वळण येत नाही. तिथल्या वर्गात चिमुरडी मुलं जमिनीवर बसून चारही बोटं एकत्र धरतात आणि आकडे मोजत हळूहळू मागे दाबतात. रोज थोडं, वर्षानुवर्षं. ताण जाणवला तर ठीक, कळ आली तर लगेच सोडा.

बोटं वळतात, तरी नाच तुटक वाटतो? मग मुद्रांमधली वाट बघा. 'क्बाच' म्हणजे हस्तमुद्रा. पान, फूल, फळ अशी एक मुद्रा दुसरीतून उमलते. मुलं फूल धरतात आणि थेट फळावर उडी मारतात, मधला मनगटाचा फेर गाळतात. नाच त्या फेरात आहे. संगीत बंद करा आणि निम्म्या गतीने तेवढाच भाग पुन्हा पुन्हा करा.

एक पाय मागे उचलून तळवा आभाळाकडे केला की तोल जातो. लक्ष वरच्या पायाकडे असतं, दोष खालच्या पायात असतो. गुडघा ताठ ठेवू नका, वाकवा. भरतनाट्यम शिकून आलेल्या मुलींनी पाय आपटायची सवय बाजूला ठेवावी. इथे घुंगरू नाहीत.

हसू ओठांतच ठेवा.

सगळ्यांनाच अप्सरा व्हायचं असतं. पण स्त्री, पुरुष, राक्षस आणि वानर अशा चार भूमिका आहेत आणि गुरू अंगकाठी पाहून निवड करतात. 'येआक' म्हणजे यक्ष, राक्षस. तो वाट्याला आला म्हणून रुसू नका. रेआमकेर, म्हणजे त्यांचं रामायण, रावणाशिवाय उभं राहत नाही.

नुसत्या व्हिडिओवरून शिकणं ही मला सगळ्यात जास्त खुपणारी चूक. 1975 ते 1979 या काळात कंबोडियावर ख्मेर रूज या क्रूर कम्युनिस्ट गटाची राजवट होती, तेव्हा बहुतेक नर्तक-नर्तिका जिवाला मुकल्या. वाचलेल्या मोजक्या जणींनी अंगात मुरलेलं आठवून आठवून पुढच्या पिढीला दिलं. तिथे 'क्रू' म्हणतात तो आपलाच 'गुरू', आणि त्याच्या वंदनेचा वारही गुरुवारच. तुमच्या क्रू जवळ येऊन कोपर दोन बोटं वर सरकवतील, हनुवटी किंचित वळवतील. तेव्हा अंग आखडू नका. हात सैल सोडा, त्यांना नेऊ द्या.