अमेरिकेत नोकरीविषयक दाव्यात तडजोड झाली, तर वकिलाच्या फीवरील कर कसा हाताळावा

अमेरिकेत भेदभावाचा किंवा बेकायदा बडतर्फीचा दावा कर्मचाऱ्याच्या बाजूने लढणारे वकील बहुधा टक्केवारीवर काम करतात, आणि तडजोडीची रक्कम आली की आपला हिस्सा परस्पर कापून उरलेले पैसे अशिलाला देतात. जी रक्कम आपल्या खात्यात आलीच नाही तिच्यावर कर कसला, असे वाटणे साहजिक आहे. पण ‘कमिशनर विरुद्ध बँक्स’ या प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००५ मध्ये निकाल दिला की, भरपाई करपात्र असेल तर वकिलाचा हिस्साही अशिलाच्याच उत्पन्नात धरला जातो.

समजा, तडजोड ३,००,००० डॉलरची झाली आणि फी ४० टक्के, म्हणजे १,२०,००० डॉलर आहे. उत्पन्न तीन लाखच दाखवावे आणि फीची वजावट फॉर्म १०४० च्या, म्हणजे वार्षिक आयकर विवरणपत्राच्या, शेड्यूल १ या पुरवणीवर घ्यावी. अलीकडच्या फॉर्मवर तिची ओळ २४-एच आहे. कंपनी अशिलाच्या १०९९-मिस्क फॉर्मवर (पगाराव्यतिरिक्त दिलेल्या रकमांची माहिती देणारा फॉर्म) फीसह रक्कम दाखवते आणि तीच फी वकिलाच्या १०९९ वर पुन्हा दिसते. ही चूक नव्हे. निव्वळ रक्कम दाखवून मोकळे झाल्यास आयआरएसच्या (अमेरिकेच्या आयकर खात्याच्या) नोंदींशी आकडा जुळत नाही आणि नोटीस येते.

ही वजावट ऑक्टोबर २००४ च्या कायद्याने आयकर संहितेच्या कलम ६२ मध्ये आली, आणि स्टँडर्ड डिडक्शन (खर्चाचा तपशील न देता मिळणारी ठरावीक वजावट) घेणाऱ्यालाही ती मिळते. तिच्या कक्षेत न बसणाऱ्या दाव्यांसाठी पूर्वी किरकोळ वजावटींचा आडमार्ग तरी होता; तो २०१८ पासून बंद आहे आणि २०२५ च्या कायद्याने कायमचा बंद झाला. म्हणून दावा कोणत्या कायद्याखाली आहे, यावर सारे अवलंबून असते. वंश, वय, लिंग, अपंगत्व यांवरून झालेला भेदभाव, थकीत वेतन, तक्रार केल्याबद्दल उगवलेला सूड, किंबहुना नोकरीच्या संबंधांचे नियमन करणाऱ्या बहुतेक कायद्यांखालील दावे यात बसतात. निव्वळ बदनामीचा दावा मात्र बसेलच असे नाही. तडजोडीत सोडून दिलेले दावे कोणत्या कायद्यांखालचे आहेत, हे करारनाम्यात नावानिशी लिहून घ्यावे.

त्या दाव्यातून त्याच वर्षी मिळालेल्या करपात्र उत्पन्नापेक्षा वजावट जास्त होऊ शकत नाही. गेल्या वर्षी तासाच्या दराने फी भरली आणि पैसे यंदा आले, तर ती फी वाया जाते. टक्केवारीच्या करारात दोन्ही गोष्टी सहसा एकाच वर्षी घडतात, आणि माझ्या मते हा त्याचा फारसा न बोलला जाणारा फायदा आहे.

रकमेची विभागणी सही करण्यापूर्वीच ठरवावी. थकीत पगाराचा भाग डब्ल्यू-२ या पगाराच्या फॉर्मवर येतो आणि त्यातून सोशल सिक्युरिटी (निवृत्तिवेतन) व मेडिकेअर (ज्येष्ठांचा आरोग्य विमा) यांचे कर कापले जातात. मानसिक त्रासाची भरपाई करपात्र असली तरी पगार नसल्याने १०९९ वर येते. शारीरिक इजेची भरपाई कलम १०४ खाली करमुक्त असते, पण तेवढ्या भागाच्या फीची वजावट मिळत नाही.

१०९९ वरील रकमेतून सहसा कर कापलेला नसतो. त्यामुळे पैसे हाती येताच त्या तिमाहीचा अंदाजित कर १०४०-ईएस या फॉर्मने भरावा, अन्यथा एप्रिलमध्ये कराबरोबर दंडही द्यावा लागू शकतो.