तबेल्यात डोळे चुरचुरवणारा मुताचा वास: माझा अनुभव

माथेरानला आमचे दोन घोडे आहेत. सकाळी ठाणाचं दार उघडलं की डोळे चुरचुरायचे. उभ्याने वास सोसवायचा, पण खाली वाकलं की नाकात झणका बसायचा. घोडा तर तिथेच बसतो, तिथेच तोंड घालून गवत खातो. त्यातला तांबडा घोडा खोकायला लागला तेव्हा पोटात गोळा आला.

फिनेल मारलं, तासाभरात वास परत. रोज धुतलं, तर जमीन ओलीच राहायची. चुना टाकला आणि वास वाढला. चुन्याने अमोनिया, म्हणजे मुतातून निघणारा तो झणझणीत वायू, उलट जास्त सुटतो, हे मागाहून कळलं. तीन महिने जीव मेटाकुटीला आला.

खरं मूळ जमिनीत होतं. घोडा दिवसाला 5 ते 10 लिटर मुततो आणि ते सगळं मातीत मुरलेलं.

आधी घोडे बाहेर बांधले. काळी, चिकट झालेली माती वीतभर खणून काढली. खाली कोरडी, वास नसलेली माती लागेपर्यंत. दोन दिवस उघडं वाळू दिलं. मग खडी, वर मुरूम, धुमसाने ठोकून दाराकडे उतार, दाराशी चर. त्यावर झिओलाइटची भुकटी पसरली (अमोनिया शोषून धरणारं खनिज, कोळंबीच्या तळ्यात टाकतात तेच), आणि वर चार बोटं भाताचं तूस.

आता रोज सकाळी फक्त ओलं तूस उचलायचं, त्या जागी मूठ-दोन मूठ झिओलाइट, मग कोरडं तूस. पाणी अजिबात नाही. छपराखालची फटही मोकळी केली. आठवड्यात खोकला थांबला.