घरी मोजलेल्या रक्तदाबाचा हिशेब

मासळीची पिशवी घेऊन जांभ्याची पाखाडी चढून आलेल्या माणसाने टेकल्याटेकल्या दंडाला पट्टा बांधला, तर यंत्रावर दिसणाऱ्या आकड्यात त्या चढणीचाही वाटा असतो. म्हणून मोजण्यापूर्वी पाच मिनिटे पाठ टेकून, दोन्ही पावले जमिनीवर ठेवून, न बोलता बसावे. पडवीतला झोपाळा यासाठी कामाचा नाही. त्याआधी अर्धा तास चहा, विडी व तंबाखू वर्ज्य करावी आणि लघवीला जाऊन यावे. पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या पातळीत असावा आणि हात टेबलावर टेकलेला असावा. जाड दंडाला लहान पट्टा आवळल्यास आकडा खोटाच वाढतो. पहिल्या दिवशी दोन्ही दंडांवर मोजून, जिथे दाब जास्त भरेल तोच दंड पुढे कायम ठेवावा.

वरचा आकडा हृदय आकुंचन पावतानाचा आणि खालचा ते शिथिल असतानाचा दाब, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये सांगतो. सकाळी गोळी व न्याहारीपूर्वी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, मध्ये एकेक मिनिट थांबून, असे सात दिवस मोजावे. पहिला दिवस सोडून द्यावा. उरलेल्या २४ नोंदींतील वरच्या आकड्यांची बेरीज समजा ३३१२ आणि खालच्यांची २०६४ आली, तर २४ ने भागून सरासरी १३८/८६ निघते. दवाखान्यातील १४०/९० ही मर्यादा लावून हे ठीक समजणे चूक ठरेल, कारण घरच्या सरासरीसाठी मर्यादा १३५/८५ धरतात. दोनपैकी मनाजोगता आकडाच वहीत उतरवण्याची खोड असेल, तर हा सारा हिशेब व्यर्थ आहे.

  

त्या आठवड्यात सुके बांगडे, लोणचे किंवा मीठ घातलेले आगळ नेहमीपेक्षा जास्त झाले असेल, तर तेही शेजारी लिहावे. गोळी आपल्या मनाने कमीजास्त न करता वही डॉक्टरांना दाखवावी. आकडा १८०/१२० च्या वर असून छातीत दुखणे, धाप, बोबडी वळणे किंवा एका बाजूचा अशक्तपणा जाणवत असेल, तर दुसऱ्या नोंदीसाठी न थांबता तत्काळ रुग्णालय गाठावे.