नोकरी लागली ना? मग आधी सेवापुस्तक वाचायला शिका

मी १९९५ ला लिपिक-टंकलेखक म्हणून तालुक्याच्या सरकारी ऑफिसात लागले. आदल्याच वर्षी राज्याचं पहिलं महिला धोरण आलं होतं, ३० टक्के जागा बायकांना, त्यामुळे आमच्या बॅचला आम्ही पाच पोरी होतो आणि त्या ऑफिसात बायकांसाठी वेगळं बाथरूम नव्हतं. परीक्षा, टायपिंग, एमएस-सीआयटी हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये, त्यावर लिहीत नाही. रुजू झाल्यानंतरचं सांगते, आणि त्यातली एकच गोष्ट: सेवापुस्तक, म्हणजे आपल्या रजा, बदल्या, पगारवाढ या सगळ्याच्या नोंदी ठेवलेलं पुस्तक.

१९९९ ला मला मुलगी झाली. तेव्हा प्रसूती रजा ९० दिवसांची, १८० दिवस २००९ पासून झाली. रजा मंजूर झाली, आदेश निघाला, पगार निघाला. परत हजर झाले आणि दीड महिन्यात बदली. सेवापुस्तक माझ्या मागून नव्या ऑफिसात आलं, पण त्यात त्या रजेची नोंदच नव्हती. मी बघितलं का, तर नाही. तान्हं बाळ घरी, रोजचा एसटीचा प्रवास, आस्थापनेतला, म्हणजे कर्मचाऱ्यांचे कागद बघणाऱ्या शाखेतला क्लार्क म्हणाला "मॅडम सगळं ओके आहे, इथे सही करा" आणि मी केली. त्या सहीचा अर्थ असा होतो की वरच्या नोंदी मी वाचल्या आणि मला मान्य आहेत. हे मला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं.

२००७ ला १२ वर्षं भरली, म्हणजे तेव्हाच्या नियमाने आश्वासित प्रगती योजनेचा लाभ, प्रमोशनची जागा नसली तरी वरची वेतनश्रेणी. बाकी चौघींच्या ऑर्डरी आल्या, माझा प्रस्ताव शेरा मारून परत. रजेची नोंद नाही, त्या काळाची सेवा पडताळणी (तेवढे दिवस नोकरी झाली याचा दाखला) नाही. बाळंतपणातले तीन महिने मी कुठे होते हे मीच सिद्ध करायचं! जुन्या ऑफिसात गेले तर रेकॉर्ड रूम गळकी, जावक रजिस्टरचा लगदा झालेला, आणि आदेशाची प्रत माझ्याकडे नाही कारण ऑफिसात आहेच की, असं वाटलं होतं. पाचव्या खेपेला पगारबिलाची ऑफिस कॉपी आणि हजेरीपट सापडला, त्यात लाल शाईने "प्र. र.", म्हणजे प्रसूती रजा, लिहिलेलं. तिथेच रडू आलं मला. त्यावरून नोंद घेतली गेली, लाभ मागच्या तारखेपासून मिळाला, फरकही मिळाला, पण चौदा महिने गेले.

म्हणून सांगते, इन्क्रिमेंट लागलं की दरवर्षी लेखी अर्ज देऊन सेवापुस्तक मागा. दाखवणं हे ऑफिसचं काम आहे, उपकार नाही. प्रत्येक रजेपुढे आदेशाचा नंबर आणि तारीख आहे का, खाली साहेबांची सही आहे का ते बघा, कारण सही नसलेली नोंद धरत नाहीत. त्या त्या वर्षाचा सेवा पडताळणीचा दाखला आहे का बघा. जन्मतारखेत चूक असेल तर अर्ज नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांतच करता येतो, नंतर कोणी ऐकत नाही. लग्नानंतर नाव बदललं तर त्याची नोंद करा आणि नामनिर्देशन (आपल्या मागे पैसे कुणाला मिळावेत तो फॉर्म) नव्याने भरा, वडिलांच्या नावाचं जुनं तसंच पडून राहतं. प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, आम्हाला ही सोय नव्हती.

आणि मार्गदर्शक म्हणून साहेबाला धरू नका, साहेब तीन वर्षांत बदलून जातो. "मी बघतो तुमचं" म्हणणाऱ्यांपासून तर लांबच राहा. आस्थापनेत आयुष्य घालवलेला एखादा जुना अव्वल कारकून शोधा, तो चिडेल, ओरडेल, पण नियम पुस्तकातून काढून दाखवेल. व्हॉट्सॲपवर फिरणारा जीआर, म्हणजे शासन निर्णय, शासनाच्या साइटवर स्वतः उघडून वाचल्याशिवाय त्यावर अर्ज करू नका.

घाबरवायचं नाहीये मला. ही नोकरी चांगली आहे, हिने माझं घर उभं केलं, मुलीला शिकवलं. तुम्हाला तर आता बालसंगोपन रजाही आहे, २०१८ पासून, सगळ्या नोकरीत मिळून १८० दिवस, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत. ती आली तेव्हा माझी मुलगी १९ ची होती. तुम्ही ती घ्या, दहावी-बारावीच्या वर्षासाठी थोडी राखून ठेवा, लोक काय म्हणतील ते म्हणू देत. फक्त घेतलीत की महिन्याभरात जाऊन नोंद बघा.

आणि आत्ता हे वाचताना कुणाला आपली एखादी जुनी नोंद राहिलीये असं आठवलं असेल तर या आठवड्यातच अर्ज टाका. पगारबिल आणि हजेरीपट आधी शोधा, आदेश नंतर. जुन्या ऑफिसात तुम्हाला ओळखणारं कोणीतरी अजून नोकरीत आहे तोवर काम खूप सोपं आहे.