फुजीची बस पकडायच्या आधी

आमच्या ट्रेकच्या ग्रुपमधली पुढची बॅच जपानच्या फुजी डोंगरावर निघालीय आणि रोज कुणी ना कुणी विचारतंय की काय काय घ्यायचं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. सामानाचं नंतर बघू, आधी घड्याळाचं. सीझनमध्ये पाचव्या स्टेशनपर्यंत जो घाटरस्ता जातो, फुजी सुबारू लाइन म्हणतात त्याला, तिथं खाजगी गाड्यांना बंदी असते, त्यामुळं टोकियोच्या शिंजुकूतनं थेट सुटणारी बस किंवा खालच्या कावागुचिको स्टेशनवरनं सुटणारी शटल, हेच दोन मार्ग. (स्टेशन म्हणजे रेल्वेचं नव्हे, पायथ्यापासनं शिखरापर्यंत डोंगराचे दहा टप्पे केलेत, बस पाचव्याला सोडते.) शिंजुकूवरनं साधारण अडीच तास लागतात, कावागुचिकोवरनं तासाभरात वर. आणि पावणेआठची बस म्हणजे पावणेआठलाच हलते, आपल्याकडं कोल्हापुरात कसं, पाचला बिंदू चौक म्हटलं की साडेपाचला पहिला माणूस येतो आणि सहाला चहा होतो, ते तिथं चालत नाही, ड्रायव्हर कुणासाठी हॉर्न वाजवत थांबत नाही.

त्यात वर गेट आहे. २०२५ पासनं योशिदा वाटेचं (पाचव्या स्टेशनवरनं आपण चढतो ती वाट) गेट दुपारी २ ला बंद होतं ते पहाटे ३ ला उघडतं, या वेळात ज्यांचं वरच्या हटमध्ये (वाटेवरच्या मुक्कामाच्या जागा) बुकिंग आहे त्यांनाच सोडतात. माणशी ४,००० येन फी, हाताला पट्टा बांधतात, आणि दिवसाला ४,००० माणसं झाली की बास. हे नियम २०२४ ला वेगळे होते (२,००० येन, गेट ४ ला बंद), त्यामुळं कुणाच्या जुन्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजवर जाऊ नका, निघायच्या आठवड्यात अधिकृत साइट उघडून चालू वर्षाचं बघा. म्हणजे बस चुकली तर गेट हुकायची भीती, आणि हटचं बुकिंग असलं तरी अंधारात चढत जायचं, तोवर हटवाल्यांनी जेवण आवरून दिवे बंद केलेले असतात. म्हणून सकाळची बस, शक्य तेवढी लवकरची.

बुकिंगचा क्रम असा ठेवा: आधी हट, मग बस, मग विमान. सगळे उलटं करतात, स्वस्त विमान दिसलं की तिकीट काढतात आणि मग हट फुल्ल. योशिदाचा सीझन १ जुलै ते १० सप्टेंबर एवढाच, त्यात शनिवार-रविवार आणि ओबोनचे दिवस (ऑगस्टच्या १३ ते १६ च्या आसपास, तिकडं सगळ्यांना सुट्टी) सोडा, नाहीतर शिखराखाली अंबाबाईच्या नवरात्रातल्यासारखी रांग मिळेल. मंगळवार-बुधवार बघा. ऑगस्टनंतर वादळांची शक्यता वाढते, त्यामुळं हट आणि बस दोन्हीचे रद्द करायचे नियम आधीच वाचून ठेवा आणि टोकियोत एक दिवस मोकळा ठेवा, वारं सुटलं तर ट्रेक दुसऱ्या दिवशी ढकलता आला पाहिजे. पर्यटकांसाठी आता ई-व्हिसा आहे, पण कागदं वेळेत गोळा करा, बँक स्टेटमेंटसाठी शेवटच्या दिवशी पळापळ नको. आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना एजंटला सरळ विचारा, ३,००० मीटरच्या वरचा ट्रेक यात धरलाय का. बऱ्याच पॉलिसीत तो बारीक अक्षरात वगळलेला असतो.

आता पायांचं. रंकाळ्याला फेऱ्या मारून फुजी होत नाही, कितीही मारा, रंकाळा सपाट आहे. पन्हाळा पायथ्यापासनं, जोतिबाचा डोंगर चालत, आणि वर गेल्यावर थांबून सेल्फी न काढता लगेच उतरायचं, कारण आपली वाट लागते ती उतरताना. ज्यांना जमेल त्यांनी जुलैतली पन्हाळा-पावनखिंड मोहीम करा, मसाई पठारावर आडवा पाऊस, चिखलात घोट्यापर्यंत पाय, भिजलेले बूट घालून दुसऱ्या दिवशी परत चालणं, ही सगळ्यात भारी तयारी, फुजीवर चिखल नाही पण भिजून चालायची सवय लागते. नवे बूट असतील तर तिथंच झिजवा, विमानात नवा कोरा बॉक्स घेऊन येऊ नका.

पण एका गोष्टीची प्रॅक्टिस आपल्याला सबंध महाराष्ट्रात कुठंच मिळत नाही, ती म्हणजे उंचीची. कळसूबाई १,६४६ मीटर. फुजीचं पाचवं स्टेशन, जिथं बस सोडते, तेच २,३०५ मीटरवर. म्हणजे एक पाऊल न टाकता तुम्ही कळसूबाईच्या वर जाऊन उभे, आणि शरीराला अजून वाटतंय आपण शिंजुकूतच आहोत. शिखर ३,७७६, तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास दोन तृतीयांशच उरतो. म्हणून बसमधनं उतरल्या उतरल्या सुटायचं नाही, तासभर तिथंच काढायचा, पाणी प्यायचं, बाथरूमला जाऊन यायचं, थोडं खायचं, इकडंतिकडं हळू फिरायचं. हा तास वेळापत्रकात पेननं लिहा, 'वेळ उरला तर' असं नको. नंतर पण चाल मुद्दाम मंद, शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे एवढीच. तालमीतली पोरं इथंच फसतात, दम आहे म्हणून पहिला तास धावतात आणि सातव्या स्टेशनला डोकं धरून बसतात. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर थांबायचं, नाही थांबलं तर खाली यायचं, यात इज्जतीचा प्रश्न नाही. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) कुणाच्या सांगण्यावरनं घेऊ नका, आपल्या डॉक्टरला विचारा, बीपी-शुगरवाल्यांनी तर तिकीट काढायच्या आधीच विचारा.

कपड्यांत सगळ्यात महत्त्वाचा रेनसूट, वरचं जॅकेट आणि खालची पँट वेगळी असलेला. तो पातळ प्लास्टिकचा पोंचो अजिबात नको, वरच्या वाऱ्यात तो डोक्यावर येतो आणि तुम्हाला आपलेच पाय दिसत नाहीत. आपला बाइकवरचा रबरी रेनसूट पाणी आत येऊ देत नाही हे खरं, पण घाम पण बाहेर जाऊ देत नाही, दोन तासात आतनंच भिजता आणि मग वारं लागलं की कुडकुडता. हवा खेळणारा घ्या, महाग पडला तरी घ्या, पुढं सह्याद्रीत दहा वर्षं वापराल. आत कॉटनचा टी-शर्ट नको, ड्रायफिट चालेल, त्यावर फ्लीस, त्यावर एक हलकं जॅकेट. शिखरावर ऑगस्टचं सरासरी तापमान ६ अंशांच्या आसपास असतं, पहाटे सूर्य उगवायची वाट बघत उभं राहिलं की वाऱ्यानं ते शून्यासारखं वाटतं. कानटोपी आणि हातमोजे हवेतच. हाफ पँट, स्पोर्ट्स शूज आणि खांद्यावर विंडचीटर अशा अवतारात आलात तर गेटवरचे लोक अडवतात, अपुऱ्या तयारीनं आलेल्यांना परत पाठवायचा अधिकार आहे त्यांना.

हेडलॅम्प माणशी एक, मोबाइलचा टॉर्च म्हणजे हेडलॅम्प नव्हे, तुमचा हात काठीला लागणार आहे. थंडीत मोबाइलची बॅटरी झरझर उतरते, पॉवर बँक न्या (विमानात ती हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नाही, आणि ट्रेकिंग पोल बरोबर उलट, ते चेक-इनमध्ये). जपानचे प्लग दोन चपट्या पिनांचे असतात, अ‍ॅडॉप्टर इथनंच घ्या. हेल्मेट घ्यायला सांगतात आणि त्याला हसू नका, हा जिवंत ज्वालामुखी आहे. शेवटचा उद्रेक १७०७ चा, म्हणजे मार्चमध्ये औरंगजेब नगरजवळ मेला त्याच वर्षीच्या डिसेंबरात हा डोंगर फुटला, दोनेक आठवडे धुमसत राहिला आणि राख पार एदोवर, म्हणजे आजच्या टोकियोवर पडली. आता शांत आहे, जपानचं हवामान खातं सतत लक्ष ठेवून असतं, पण २०१४ मध्ये ओंताके नावाचा दुसरा ज्वालामुखी फुटला तेव्हा तिथं धोक्याच्या इशाऱ्याची सगळ्यात खालचीच म्हणजे १ नंबरची पातळी लागलेली होती आणि ६३ माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. त्यामुळं निघायच्या आदल्या रात्री इशाऱ्याची पातळी बघायची, आणि घरी कुठल्या वाटेनं जातोय, कुठल्या हटला आहोत, परतीची बस कितीची, हे मेसेज करून ठेवायचं.

नाणी! हे ठळक लिहायला पाहिजे खरं तर. डोंगरावरच्या प्रत्येक बाथरूमला २०० ते ३०० येन पडतात, नोट दाखवून उपयोग नाही. १०० येनची वीसेक नाणी माणशी वेगळ्या छोट्या पाऊचमध्ये, आणि पाऊच बॅगेच्या तळाशी नको, पँटच्या खिशात. पाणी खालनंच दीड-दोन लिटर घ्या, वाटेत झरा-ओढा काही नाही, पडलेला पाऊस सच्छिद्र दगडात मुरून जातो, आणि हटवर अर्ध्या लिटरची बाटली ५०० येनच्या घरात जाते. कचऱ्याचा डबा कुठंच नाही, चिक्कीच्या कागदापासनं सगळं खाली आणायचं, दोन पिशव्या जादा ठेवा.

खाण्याचं आपल्या लोकांना जास्त टेन्शन. पहिली गोष्ट, मटणाचं लोणचं, सुकं मटण, काहीही मांसाचं जपानात न्यायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात आणि वर नाव लिहून घेतात, आईनं कितीही प्रेमानं डबा दिला तरी घरीच ठेवा. ताजी फळं-भाज्या पण नकोत. गूळ-शेंगदाणे, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, तिखटमिठाच्या पुऱ्या हे भारी, वजनाला हलकं आणि चढताना तोंडात टाकायला सोपं. भडंग घेऊ नका, अर्धी बॅग हवेनंच भरते. औषधांत सर्दीच्या गोळ्या तपासून न्या, स्यूडोएफेड्रिन असलेल्या गोळ्यांवर जपानात कडक निर्बंध आहेत. हटवर जेवण ठरलेलं असतं, बहुतेक ठिकाणी करी-राइस, त्यात बीफ नाहीतर पोर्क असू शकतं, त्यामुळं जे खात नाहीत त्यांनी बुकिंगच्या वेळीच विचारायचं आणि नसेल सोय तर जेवणाशिवायचं बुकिंग करून स्वतःचं न्यायचं. झोपायला एकाला एक लागून स्लीपिंग बॅगा, आठ-नऊला दिवे बंद, अंघोळ नाही. इअरप्लग न्या. घोरणारे आपलेच असतात.

मोठी बॅग डोंगरावर नेऊ नका, हॉटेलला नाहीतर लॉकरला ठेवा, वर २५-३० लिटरची सॅक बास. बसमध्ये ती डिकीत जाते, म्हणून पासपोर्ट, पैसे, तिकीट आणि जॅकेट अंगावर. बसमध्ये फोनवर बोलत नाहीत तिकडं, आणि गाणी तर नाहीच.

रात्री दीड-दोनला हटवरनं निघालं की सूर्योदयाला शिखर, जुलैत साडेचारच्या आसपास उजाडतं. पण योशिदाची वाट पूर्वेच्या अंगाला आहे, सूर्योदय हटच्या दारातनं पण दिसतो, त्यामुळं ज्यांचं डोकं दुखतंय त्यांनी हटवरच थांबून बघावा, उजाडल्यावर जमलं तर वर यावं. वर विवराला वळसा घालायचा असेल तर दीडेक तास धरा, ३,७७६ चा खरा दगड, केंगामिने, विवराच्या पलीकडच्या बाजूला आहे.

उतरायची वाट वेगळी. सगळी नागमोडी, तांबड्या-काळ्या खडीची, हातात घेऊन बघा, दगड भोकाभोकांचा आणि हलका, पण कडा अशा की बोट खरवडतं. आपला पन्हाळ्याचा काळा कातळ पण लाव्हाचाच, पण तो साडेसहा कोटी वर्षं जुना आणि घट्ट, हा अजून कच्चा, पायाखालनं सरकतो. प्रत्येक पावलाला खडे बुटात शिरतात, म्हणून गेटर्स (बुटावरनं पोटरीपर्यंत बांधायचं कव्हर) घ्या, धुळीसाठी मास्क, गुडघेदुखीवाल्यांनी नी-कॅप. आठव्या स्टेशनजवळ वाट फुटते, योशिदाच्या पाट्या पिवळ्या, सुबाशिरी नावाच्या दुसऱ्या वाटेच्या लाल. धुक्यात, झोप झालेली नसताना, पुढच्या घोळक्यामागं लाल पाटीनं गेलात तर डोंगराच्या दुसऱ्याच बाजूला उतरता, आणि तुमची बस तिकडं येत नाही. त्या फाट्यावर सगळ्यांनी थांबायचं, डोकी मोजायची, मग पुढं.

परतीची बस उतरायच्या अंदाजापेक्षा दोन तास नंतरची बुक करा. तेवढ्यात बूट झाडून होतील, कपडे बदलून होतील. कावागुचिकोला उतरणार असाल तर तिथं 'होतो' मिळतं, जाड चपटे नूडल्स आणि भोपळा घातलेलं गरमागरम, चव आपल्या जिभेला अगदीच मवाळ. कांदा-लसूण मसाल्याची पुडी सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा.