शनिवार-रविवारचा अवकाळी अंदाज : रानात कांदा असताना कसा वाचावा

मार्च-एप्रिलात काढलेला कांदा रानात असेल, तर हवामान विभागाचा जिल्हानिहाय तक्ता गुरुवारी संध्याकाळीच पाहून ठेवा. मराठवाडा आणि मध्य महाराष्ट्राचा तक्ता मुंबईचं प्रादेशिक केंद्र देतं, विदर्भाचा नागपूरचं. गुरुवारचा अंदाज ताडपत्री आणि माणसं जमवण्यासाठी. नेमकी वेळ तो सांगत नाही. शुक्रवारी दुपारी पुन्हा पाहा, जिल्ह्याच्या इशाऱ्याचा रंग बदललेला असू शकतो.

तक्ता वाचताना पहिली गफलत तारखेची होते. शनिवारचा इशारा शनिवारी सकाळी साडेआठ ते रविवारी सकाळी साडेआठपर्यंतचा असतो. रविवारी पहाटेचा पाऊस शनिवारच्याच रकान्यात शोधायचा.

दुसरी गफलत 'तुरळक' या शब्दाची, आणि ही जास्त महागात पडते. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे 25 टक्के किंवा त्याहून कमी ठिकाणी, 'काही ठिकाणी' म्हणजे 26 ते 50 टक्के. हा हिशेब पाऊस किती जागी पडेल त्याचा आहे, किती जोराचा पडेल त्याचा नाही. तुरळक गारपीट ज्या शिवारात होते, तिथलं पीक झोपतंच. म्हणून 'मेघगर्जना, सोसाट्याचा वारा, गारपीट' यांतलं काय लिहिलंय ते आधी पाहा. नारिंगी रंगात गारपीट असेल तर वाट पाहू नका.

समुद्रावरून येणारे दमट वारे आणि उत्तरेकडचे कोरडे वारे एकमेकांना भिडले की दुपारच्या उन्हाने ढग झपाट्याने वर चढतात. त्यामुळे पाऊस बहुधा दुपारनंतर, रात्रीपर्यंत कधीही. सकाळचं स्वच्छ आभाळ पाहून ताडपत्री घरी ठेवू नये.

कांद्याचा ढीग उंचवट्यावर, मधोमध उंच करा, भोवती चर काढा. ताडपत्रीच्या कडा मातीने किंवा दगडांनी दाबा; नुसती टाकलेली पहिल्याच वावटळीत उडते. ऊन पडलं की लगेच काढा, नाहीतर आत घाम सुटून कांदा सडतो.

शनिवारी दुपारपासून तीन तासांचा तातडीचा इशारा आणि रडारचं चित्र पाहत राहा. विजेसाठी 'दामिनी' ॲप मोबाईलवर असू द्या. वीज चमकल्यापासून 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ती 10 किलोमीटरच्या आत आहे: काम तसंच टाकून पक्क्या घरात जा, झाडाखाली नको. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गेल्याशिवाय रानात परतू नका.