एफएसटॅबमध्ये लाईन टाकताय? आधी या चुका टाळा

लिनक्समध्ये दुसरं पार्टिशन (डिस्कचा वेगळा भाग) बूट होतानाच आपोआप माउंट व्हावं, म्हणजे एखाद्या फोल्डरला जोडलं जावं म्हणून बरेच जण कुठूनतरी एक लाईन कॉपी करतात, एफएसटॅब फाईलमध्ये (काय कुठे माउंट करायचं त्याची यादी) पेस्ट करतात आणि थेट रीस्टार्ट मारतात, मग डेस्कटॉपऐवजी काळ्या स्क्रीनवर इमर्जन्सी मोड, म्हणजे दुरुस्तीपुरती नुसती कमांड लाईन. घाबरू नका, डेटा सहसा जागेवरच असतो. सिस्टमडीला (बूट सांभाळणारा प्रोग्राम) ते पार्टिशन सापडत नाही, डीफॉल्ट ९० सेकंद वाट बघून तो पुढचं बूट थांबवतो.

सगळ्यात जास्त घोळ डिस्कच्या नावाचा. तुम्ही एसडीबी१ (लिनक्सने पार्टिशनला दिलेलं नाव) लिहिलंत आणि उद्या पेनड्राईव्ह लावून मशीन चालू केलं तर तीच डिस्क एसडीसी होऊ शकते, म्हणून यूयूआयडीच (पार्टिशनचा स्वतःचा वेगळा ओळख क्रमांक) वापरा. पण पार्टिशन परत फॉरमॅट केलं की यूयूआयडी पण बदलतो, हे हमखास विसरलं जातं. लाईनमधल्या ऑप्शन्समध्ये कॉमानंतर स्पेस देऊ नका, स्पेस आली की पुढचा शब्द वेगळा कॉलम धरला जातो.

डेटाच्या डिस्कला नोफेल हा ऑप्शन लावाच, ती नसली तरी बूट अडत नाही. मात्र नोफेल असताना यूयूआयडी चुकला तर माउंट डॅश ए (एफएसटॅबमधलं सगळं माउंट करणारी कमांड) पण गप्प बसतं, एरर नाही काही नाही, आणि तुमचा बॅकअप त्या रिकाम्या फोल्डरमध्ये म्हणजे मेन डिस्कवरच साठत राहतो!! त्यामुळे आधी पार्टिशन अनमाउंट करा, फाईंडएमएनटी डॅश डॅश व्हेरिफाय (एफएसटॅब तपासणारी कमांड) चालवा, मग माउंट डॅश ए, आणि एलएसबीएलकेमध्ये (डिस्कची यादी दाखवणारी कमांड) ते खरंच बसलंय का डोळ्यांनी बघा. एवढं झाल्याशिवाय रीस्टार्ट नको.

विंडोजचा एनटीएफएस फॉरमॅटचा ड्राईव्ह रीड-ओन्ली (फक्त वाचता येणारा) येत असेल किंवा माउंटच होत नसेल तर बहुतेक वेळा विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असतं. त्यात शटडाऊन पूर्ण होत नाही, कर्नल (सिस्टमचा गाभा) हायबरनेट होतो, म्हणजे त्याची स्थिती डिस्कवर साठवली जाते. ते विंडोजमध्ये जाऊन बंद करा, लिनक्सकडून जबरदस्ती नको, फाईली खराब होतील.

आधीच अडकला असाल तर इमर्जन्सी मोडमध्ये रूट (अ‍ॅडमिन) पासवर्ड टाका, नॅनो एडिटरमध्ये एफएसटॅब उघडा आणि त्या लाईनच्या सुरुवातीला हॅश (#) देऊन रीबूट करा. फाईल सेव्ह होत नसेल तर रूट पार्टिशन (जिथे सिस्टम असते) रीड-ओन्ली आहे, आधी ते रीड-राईट रीमाउंट करून घ्या. आणि रूट अकाउंट लॉक्ड आहे असं दिसलं तर लाईव्ह यूएसबीने (लिनक्स थेट चालवता येणारा पेनड्राईव्ह) बूट करून तीच लाईन तिथून हॅश करायची.